पाठदोराचं शून्य

२ फेब्रुवारी, रविवार. सांगली

सकाळी दत्ताचा फोन. धाकट्याचा फोन दर रविवारी असतोच, पण आज तब्येतपाणी न विचारता एकदम, "आक्का, एक गणित करून दे." गावच्या जत्रेतल्या बगाडाचा दोर यंदा बदलायचा आहे. किती जाड घ्यावा यावर कमिटीत दोन बैठका झाल्या. एक जण म्हणतो मनगटाएवढा, दुसरा म्हणतो मांडीएवढा. "तू शिकवतीस न्हवं ह्येच?"

मापं मागवली. दुपारी वहीच्या पानाचा फोटो आला. गाड्याच्या मधोमध उभा खांब, १५ फूट. त्याच्या डोक्यावर आडवं लांब लाकूड, म्हणजे शीड, ३२ फूट. खांबाच्या पुढे २०, मागे १२. पुढच्या टोकाला ज्याचा नवस असेल तो माणूस बांधतात. मागचं टोक मोठ्या दोरानं खाली ओढून गाड्याला बांधलं की पुढचा माणूस आभाळात जातो. शिवाय अजून एक दोर, खांबाच्या डोक्यापासून गाड्याच्या मागच्या लाकडापर्यंत. पाठदोर. त्याच्यापुढे दत्ताने प्रश्नचिन्ह काढलंय.

पलटणीतून सुटून आला तरी अक्षर तसंच, मोजून मापून. इतकी वर्षं दरसाल बगाड पाहिलं आणि मला हा दुसरा दोर आठवतही नाही.

४ फेब्रु., मंगळ.

कॉलेजातून आल्यावर सोडवलं. चहा गार झाला.

टेकू खांबाच्या डोक्यावर धरला. तिथलं लाकूड किती रेटतं ते माहीत नाही, पण अंतर शून्य, म्हणून गेलं. पाठदोराची रेषाही तिथूनच जाते, तोही गेला. उरलं एवढंच: माणूस ७० × २०, शिडाचं वजन १८० × ४ (मध्य चार फूट पुढे येतो), आणि समोर दोराच्या ताणाचा उभा हिस्सा × १२. २१२० भागिले १२. १७७. दोर थोडा तिरका, म्हणून १९५ किलो. तीन ओळी.

अकरावीला मी हेच सांगते. जे माहीत नाही त्याच्यावरच टेकू धरा, ते आपोआप जातं. पोरांना हे फार आवडतं. मलाही.

दत्ताला कळवलं: दोनशे किलो धर, सहापट सोसेल असा दोर घ्या.

"आन पाठदोराचं?"

"त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, शून्य. नसला तरी ताण तेवढाच येतो."

"म्हंजी नको?"

"गणितात तरी काही काम करत नाही तो. उगाच कशाला बांधता?"

नंतर शेजारच्या काकूंना सांगायला गेले, आमच्या गावच्या बगाडाचं गणित मी केलं म्हणून. त्यांची सिरियल चालू होती. "हो का," म्हणाल्या. परत आले.

९ फेब्रु., रवि.

दत्ता खुशीत. बैठकीत माझा कागद वाचला. नाना सुतार म्हणाले, माझ्या बानं पाठदोर बांधला, आज्यानं बांधला, मी न्हाई सोडनार. त्यावर दत्ता म्हणाला, "आमच्या आक्कानं गणित केलंय, एमेस्सी हाय ती." एकच मोठा दोर करायचं ठरलं. नाना उठून गेले.

एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्याकडून बॅग घेऊन परतले त्या दिवसापासून गावात माझं एकच नाव, 'सोडून आलेली'. आज 'एमेस्सी हाय ती'. खोटं का लिहू, दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी एकटीसाठी दोन माणसांचा भात शिजवला. अंदाज चुकला असं म्हणू.

२२ फेब्रु., शनि.

नव्या दोराचा फोटो. वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, पिवळाजर्द, वेटोळं घालून देवळासमोर ठेवलेला. त्यावर हळदकुंकू. जुने दोन्ही दोर तोडून घराघरात वाटले, गोठ्यात बांधायला. वहिनीने (म्हणजे दत्ताच्या बायकोने, सुशीलाने, वयाने लहान, पण मी वहिनीच म्हणते) आमचा तुकडा म्हशीच्या दाव्याला बांधला.

फोटोखाली कुणाचं तरी: "मॅडमचा दोर."

६ मार्च, गुरु.

अकरावीचे पेपर तपासून वाटले. प्रश्न नेहमीचा: भिंतीला बिजागरीने जोडलेली दांडी, वरून तार, टोकाला दुकानाची पाटी, तारेतला ताण काढा. सानिका नावाची मुलगी आहे, मागच्या बाकावर बसते. तिने ताण बरोबर काढला आणि न थांबता पुढे भिंतीवरचं बल काढत बसली. पाऊण पान. मी लाल शाईने लिहिलं होतं, 'विचारलेलं नाही'.

तास संपल्यावर पेपर घेऊन आली.

"मॅडम, तार किती धरते ते आलं. पण भिंत किती धरते ते बघावंसं वाटलं."

"विचारलं होतं का?"

"नाही. पण भिंत पडली तर पाटी पडणारच ना?"

मागे तिच्या मैत्रिणी हसल्या. मीही हसले. मार्क कापले नव्हते, फक्त शेरा होता. शेरा तसाच ठेवला.

८ मार्च, शनि.

भांडी घासताना सुचलं आणि हात तसेच ओले घेऊन टेबलाशी बसले.

टेकू खांबाच्या बुडाशी धरला.

मोठा दोर मागच्या टोकाला नुसता खाली ओढत नाही. ते टोक खांबाच्या मागे १२ फूट, दोर गाड्याला बांधतात तो ५ फुटांवर. म्हणजे तो शिडाला पुढेही ओढतो. ८३ किलो. तेवढंच शीड खांबाच्या डोक्याला पुढे रेटतं. १५ फूट उंचीवर. ८३ × १५ = १२४५. हे सगळं बुडाशी येतं, खांब पुढे वाकवायला. आणि त्याला मागून धरणारी एकच वस्तू आहे. पाठदोर. तोही ५ फुटांवरच बांधतात, जवळजवळ उभा. त्यातला ताण काढला. २६२.

मोठ्या दोरापेक्षा जास्त.

तीनदा केलं. दोनदा पेनने, एकदा कॅल्क्युलेटरवर. २६२. २६२. २६२.

ज्या दोराला मी 'काही काम करत नाही' म्हटलं तो सगळ्यात जास्त काम करतो. मी फक्त अशा जागी उभी राहिले जिथून तो दिसत नाही.

तेही गाडा उभा असताना. दगडी चाकं, शेतातला रस्ता, बैलांचे हिसके; हे स्थिर कसलं? मुळात मी स्थिर धरलंच का? कारण पुस्तकात तसं असतं.

हे कुणाला तरी दाखवायला हवं होतं आधी. कुणाला? विभागात मी एकटीच आहे. दोन वर्षं झाली.

९ मार्च, रवि.

दत्ताचा फोन. उसाचा हप्ता, वहिनीचा गुडघा, म्हैस आटली. अकरा मिनिटं. मी सांगितलं नाही.

का? प्रामाणिकपणे: (१) अजून वेळ आहे असं वाटलं. (२) खांब गाड्यात घट्ट बसवलेला आहे, तो थोडं सोसेलच. (३) ...

(३) लिहायची लाज वाटते म्हणून लिहिते. 'मॅडमचा दोर'.

४ फेब्रुवारीची नोंद पुन्हा वाचली. 'नसला तरी ताण तेवढाच येतो' हे वाक्य खरं आहे. आजही खरं आहे. चूक पुढच्या वाक्यात आहे. 'उगाच कशाला बांधता' हे गणितात नव्हतं. ते माझं होतं.

१४ मार्च, शुक्र.

काल होळी पौर्णिमा. देवळात कौल लावला. नवस बोललेल्यांची नावं घेऊन देवाला विचारतात, ज्याच्या नावाला उजवा कौल मिळेल तो बगाडावर.

सकाळी सातला वहिनीचा फोन. "वन्सं, ह्यांचं नाव आलं."

मला दत्ताचा नवस आहे हेच माहीत नव्हतं. फोन त्याला द्यायला लावला.

"कसला नवस? कधी बोललास?"

"तू मिरजंला ॲडमिट होतीस तवा."

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. गाठ निघाली होती. ऑपरेशनच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते, मी घरी कळवलंच नव्हतं, नर्सशी हुज्जत घातली. तरी कुठून कळलं देव जाणे, दत्ता दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. दिवसभर खुर्चीत बसला, संध्याकाळच्या गाडीने गेला. मला वाटलं होतं, तेवढंच.

मग सांगितलं. सगळं. २६२ सकट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "कवा कळलं?"

"शनिवारी."

"रविवारी बोललो न्हवं आपन?"

"हो."

"मंग आता फुडं?"

"दत्ता, तूच सांग ना कमिटीला."

"मी न्हाई सांगनार. मी वर जानार हाय. लोक म्हनतील भ्याला, बहिणीला फुडं घातलं. तू केलंयस, तूच यिऊन सांग." आणि थोडं थांबून, "आजपास्नं मी देवळात मुक्कामाला. उपास. फोन न्हाई जवळ. यायचं तर सावकाश ये, उन्हं लय हायत."

शेजारच्या मोठ्या गावाचं बगाड झालं की दुसऱ्या दिवशी आमचं, गुरुवारी. सहा दिवस.

१६ मार्च, रवि. गाव

रजा टाकली. कारण 'घरगुती'. सांगली, कराड, सातारा, वाई, पुढे वडापची जीप. जीपमध्ये एक आजी: "कुनाची गं तू?" सांगितलं. "आगं बया, दोरवाली!"

वहिनीने पाणी दिलं, तोंडाकडे पाहिलं नाही. माझी पिशवी आत ठेवली, तीही उंबऱ्याशीच. चुलीपाशी पाठ करून बसली. मग तशीच, "त्यांच्या जिवाला काय व्हनार न्हाई न्हवं, वन्सं?"

"त्यासाठीच आलेय."

"मंग बरं." पण वळली नाही.

संध्याकाळी पाच वाजता देवळाच्या पारावर. सात-आठ जण, कमिटीचे. नाना सुतार कडेला, रंधा मांडीवर. गाडा समोरच उभा, खांब चढवलेला. बायकांनी त्याला शिवायचं नसतं, मी चार हात लांब उभी राहिले. वर्गात मी बिनघोर बोलते. इथे पहिलं वाक्य मनात दोनदा जुळवलं.

"माझं चुकलं. पाठदोर लागतो."

कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, पयल्यांदा न्हाई म्हनला. आता व्हय म्हनता. गुरवारी आन काय म्हनाल?" हशा. दुसरा: "दोन डाक्टरला इचारलं की दोन औषधं. हितं एकच डाक्टर आन दोन औषधं."

मी जमिनीवर काडीने काढून दाखवायला लागले. खांब, शीड, दोर. हसू थांबलं नाही, पण कमी झालं. १२४५ म्हटल्यावर एक म्हातारा पुढे वाकून बघायला लागला.

"आवं पर दोर हाय कुठं आता? जुना वाटून टाकला. वाखाचाच पायजे, बाजारचा नायलॉन चालत न्हाई देवाला. ह्यो करायला पंधरा दिस गेलं."

नानांनी रंधा खाली ठेवला. आता उठले, माझ्या आकृतीजवळ उकिडवे बसले.

"किती फूट?"

"सोळा. गाठी धरून चोवीस."

"चोवीस." बोटं मोजली. "वाख गोळा झाला तर दोन दिसात पीळ बसंल. मुरनार न्हाई. हिरवाच ऱ्हाईल."

"चालेल का?"

"त्ये तू सांग. गनित तुझं."

न मुरलेला वाख किती धरतो याचा आकडा माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

बाकीचे पांगले तेव्हा नाना म्हणाले, "येक सांग, पोरी. पयलं न्हाई का म्हनलीस?"

"मी वरच्या टोकाशी बसून हिशेब केला, नाना. तिथनं तो दोर शून्य दिसतो."

"मला इचारलं असतंस तर?"

त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मागच्या दिवाळीला मीच सेव्ह केला होता.

१८ मार्च, मंगळ.

पीळ घालणं चालू. देवळामागच्या चिंचेखाली आठ माणसं, चार इकडे चार तिकडे, मधे नाना ओरडतायत, "ताण सोडू नगंस, गड्या! ताण!" वाख अपुरा पडला म्हणून शेजारच्या वाडीतून मागवला. तो जरा काळसर. एकाच दोरात दोन रंग.

मी लांबून बघते. हात लावायचा नाही, करायचं काही नाही. सकाळपासून कुणी बोललं नाही. वाईट बोलायलाही कुणी आलं नाही. सांगलीतही माझ्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, पण तिथे ते लक्षात येत नाही.

दुपारी देवळात दत्ताला बघायला परवानगी. कोपऱ्यात घोंगडीवर बसलेला, दाढी वाढलेली, पोट आत गेलेलं. ६५ झाला असेल. लगेच डोक्यात आलं: ६५ × २०, शंभर कमी. स्वतःची किळस आली.

"आक्का, जेवलीस का?"

"दत्ता, माझ्यासाठी नको रे हे. मी बरी आहे. मी हे मानत पण नाही."

"तू कशाला मानतीस? मी बोललोय."

"दोर नवा आहे."

"बघितला मगाशी दारातनं. दोन रंगाचा हाय." हसला. "सुशीला बोलती का तुझ्याशी?"

"नाही."

"बोलंल. तिला जरा येळ लागतो."

निघताना मी विचारलं, तेव्हा मिरजेला दिवसभर खुर्चीत बसून काय करत होतास? म्हणाला, "काय न्हाई. तुझा श्वास मोजत हुतो. पलटणीत सवय लागलीया, पहाऱ्यावर."

बाहेर येऊन देवळाच्या मागे थोडा वेळ बसले.

२० मार्च, गुरु. शाळेच्या पायरीवर

बैल बदलतायत म्हणून लिहायला फुरसत. शेत बदललं की बैलजोड्या बदलतात, तोवर गाडा उभा. हा तिसरा थांबा. देऊळ अजून निम्म्याच्या वर लांब.

सकाळी नदीवरून निघालं. दत्ताला शिडाच्या टोकाला बांधला, पांढरा शर्ट, डोक्याला फेटा. टोक जमिनीजवळ होतं तेव्हा हाक मारून म्हणाला, "आक्का, दोरावर किती येनार?" सगळी कमिटी ऐकत होती. आकडा तोंडाशी आला होता. म्हटलं, "माहीत नाही, दत्ता."

मागून कुणीच हसलं नाही.

मग मागचं टोक ओढलं आणि तो वर गेला. एकदम लहान झाला. हजार माणसं मान वर करून. गुलाल. मी पाठदोराकडे बघत होते. बांधताना तो सैल होता, मधे झोळ. नाना म्हणाले होते, सैलच असू दे, गाडा हलला की बघू. खरं सांगते, मनातून मला वाटत होतं तो तसाच सैल राहावा. गाडा हलावा, खांब स्थिर राहावा, दोर नुसता लोंबत राहावा. म्हणजे माझं पहिलं गणित बरोबर ठरलं असतं आणि दत्तालाही धोका नसता.

बैलांनी पहिला हिसका दिला. खांब बोटभर पुढे झुकला. झोळ गेला. दोर काठीसारखा ताठ झाला आणि त्याच्यातून पाणी निघालं, थेंब थेंब, काळसर वाख आहे त्या भागातून. ओलाच होता अजून.

खांब थांबला.

नाना सकाळपासून गाड्याशेजारीच, एक हात दोरावर. पंचाहत्तरीत. मी आत्ताच जाऊन विचारलं, कसा आहे? म्हणाले, "गरम झालाय." हे चांगलं की वाईट ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं, "नाना, तुम्हाला काय वाटतं?" माझ्याकडे बघितलं. "हितनं फुडं उतार हाय, खांब आनखी फुडं रेटनार," म्हणाले, "तू माझ्या ह्या अंगाला चाल. दोरावर नजर ठिव. सुतळी तुटल्यागत बारीक आवाज आला तर लगीच हाक मार, मला आताशा ऐकू येत न्हाई."

वहिनीने येऊन पाण्याची बाटली हातात दिली आणि परत गेली.

बैल जुंपले. उठते. इथून दत्ताचा चेहरा दिसत नाही, फक्त फेट्याचा शेव उडताना दिसतो. उताराची लांबी मी मोजलेली नाही.